आराखडा ठरण्याआधी विचारा : ऑस्ट्रेलियात सौर आणि पवन ऊर्जेत काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांना खुलं पत्र

मित्रांनो आणि मैत्रिणींनो,

सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, पर्थ इथल्या ऊर्जा कंपन्यांत, सल्लागार संस्थांत आणि ट्रान्समिशनच्या कामात आज आपली मराठी माणसं ठिकठिकाणी आहेत. पुण्याच्या सुझलॉनच्या पवनचक्क्या साउथ ऑस्ट्रेलियात हॅलेटच्या डोंगररांगांवर फिरताहेत. मुंबईच्या स्टर्लिंग अँड विल्सननं क्वीन्सलंडमध्ये चिंचिलाजवळ ४०० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला. कुणी त्या निमित्तानं इथे आलं, कुणी शिकायला येऊन राहिलं. मी ग्रिड जोडणीच्या कामात आहे, म्हणजे तुमच्यातलीच एक.

या विषयावर मंत्र्यांना आणि खात्यांना पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी तुम्हाला लिहिते आहे, कारण नकाशावर पहिली रेघ ज्या खोलीत ओढली जाते त्या खोलीत तुम्ही बसलेले असता. पवनचक्क्यांच्या जागा, सबस्टेशनचा चौकोन, लाइनचा मार्ग आणि खर्चाचा पहिला तक्ता तिथेच तयार होतो. त्या जमिनीचे मूळ मालक, म्हणजे इथले मूळनिवासी, त्या खोलीत बहुतेक वेळा नसतात. त्यांना बोलावलं जातं तेव्हा आराखडा ठरलेला असतो, आणि त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न ‘तुमच्यातल्या किती जणांना काम देऊ?’ एवढाच असतो. माझं म्हणणं असं आहे की त्यांना पहिल्या रेघेच्या आधी विचारलं पाहिजे आणि मालकीतल्या वाट्याबद्दल विचारलं पाहिजे. हे घडवून आणण्यात आपला हात लागू शकतो.

ऑस्ट्रेलियानं २०३० पर्यंत ८२ टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून मिळवायचं ठरवलं आहे. नेट झिरो ऑस्ट्रेलिया या विद्यापीठांच्या अभ्यासगटाच्या अंदाजानुसार, २०६० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठायला जेवढी स्वच्छ ऊर्जेची यंत्रणा उभारावी लागेल, त्यातली ४३ टक्के मूळनिवासींच्या हक्काच्या जमिनीवर येईल. म्हणजे येती कित्येक वर्षं आपल्या हातून जे उभं राहणार, त्यातलं निम्म्याच्या जवळपास काम या लोकांच्या जमिनीवर आहे. हा विषय ‘कम्युनिटी’वाल्या सहकाऱ्याकडे सोपवून मोकळं होता येईल एवढा छोटा राहिलेला नाही.

ऑर्ड नदीची गोष्ट तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, किंबर्लीत, या नदीवरचं मोठं धरण १९७२ साली सुरू झालं. लेक आर्गाइल हा जलाशय त्यातून झाला. भरला की सुमारे हजार चौरस किलोमीटर पसरतो. ही मिरिवुंग आणि गाजेरोंग लोकांची भूमी. जलाशयात एका गोऱ्या पशुपालक घराण्याचं जुनं दगडी घर बुडणार होतं, तर ते काळजीपूर्वक उतरवून घेतलं आणि पुढे उंचावर पुन्हा बांधलं. आज ते संग्रहालय आहे. मिरिवुंग लोकांची पवित्र स्थळं, त्यांच्या पूर्वजांच्या पुरण्याच्या जागा मात्र पाण्याखाली गेल्या. त्यांची संमती कुणी मागितली नव्हती. पुढे नव्वदच्या दशकात धरणावर वीजकेंद्र आलं आणि त्यातली बरीचशी वीज आर्गाइलच्या हिऱ्यांच्या खाणीला गेली. त्याच खाणीतले बारीक तपकिरी हिरे पैलू पाडायला सुरत-मुंबईकडे यायचे. आपला या भूमीशी संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा जुना आहे.

ती खाण २०२० साली बंद झाली. २०२३ साली मिरिवुंग-गाजेरोंग लोकांची संस्था, शेजारच्या बालंगारा लोकांची संस्था, किंबर्ली लँड कौन्सिल आणि पॉलिनेशन ही गुंतवणूक कंपनी यांनी एकत्र येऊन एक प्रकल्प जाहीर केला. कुनुनुराजवळ सुमारे एक गिगावॅट सौर वीज, तिच्या जोडीला ऑर्डच्या धरणाची वीज, त्यातून हायड्रोजन, आणि विंडम बंदराशी अमोनिया. यात मूळनिवासी संस्था भागधारक आहेत. ज्या लोकांची भूमी धरणानं घेतली, तेच लोक पन्नास वर्षांनी त्या धरणाच्या विजेभोवती स्वतःचा प्रकल्प मांडताहेत. तो अजून उभा राहायचा आहे. हायड्रोजनचा बाजार डळमळीत आहे, आणि असे प्रकल्प कागदावरच राहण्याचा धोका असतो हे तुम्हाला सांगायला नको. पण त्याची रचना बघा. जमिनीचे हक्क, वारसा स्थळं, परवानग्या या सगळ्यांवर मूळ मालकच प्रवर्तक असल्यामुळे सुरुवातीपासून काम झालं.

हे वाचताना तुम्हाला मुळशी आठवली नाही तर नवल. एप्रिल १९२१ मध्ये मावळे मुळशीच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. टाटांच्या कंपनीला मुंबईसाठी वीज हवी होती, आणि ती पाण्यावरची, आजच्या भाषेत शंभर टक्के नवीकरणीय. त्या बाजूचे युक्तिवाद आजही ओळखीचे वाटतील : कोळसा वाचेल, उद्योग वाढेल, देशाचं भलं होईल. त्यात काही खोटं नव्हतं. धरण झालं, भिऱ्याच्या वीजघरातली वीज मुंबईला गेली, गिरण्या चालल्या. मावळ्यांच्या भातखाचरांवर पाणी चढलं. चांगल्या कामासाठी घेतलेली जमीनही घेतलेलीच असते. कोयनेच्या धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून पुनर्वसनासाठी मोर्चे काढते. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात प्रकल्पग्रस्ताचा दाखला आहे, किंवा तो असलेले नातेवाईक आहेत. मग इथल्या माणसानं ‘आमच्या जमिनीचं काय?’ असं विचारलं की आपण त्याला अडथळा कसं समजतो?

तुम्ही समजत नसाल, पण आपले तक्ते समजतात. जोखमींची यादी काढून बघा. पूर, वीज पडणं, ट्रान्सफॉर्मरला उशीर, आणि त्याच रकान्यात ‘पारंपरिक मालकांचा आक्षेप’. मीटिंगची सुरुवात भूमीच्या मूळ रक्षकांना वंदन करणाऱ्या स्लाइडनं होते आणि विसाव्या स्लाइडवर तेच लोक जोखीम म्हणून येतात.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा या खाणपट्ट्यातल्या यिंजिबार्नडी लोकांनी दोन्ही मार्ग भोगलेत. त्यांच्या भूमीवर फोर्टेस्क्यू कंपनीची सोलोमन ही लोखंडाची प्रचंड खाण त्यांच्याशी करार न होताच सुरू झाली. २०१७ साली फेडरल कोर्टानं या भूमीवर त्यांचा अनन्य हक्क मान्य केला. कंपनी वर गेली, पण २०२० साली हाय कोर्टानं, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयानं, तिचं अपील ऐकायला नकार दिला. खाण तोवर कित्येक वर्षं चालू होती. नुकसानभरपाईचा लढा त्यानंतरही कोर्टात लढावा लागला. या सगळ्यात समाजात फूट पडली, माणसं माणसांशी बोलेनाशी झाली. आता त्यांचाच दुसरा मार्ग बघा. २०२३ साली त्यांनी फिलिपिन्सच्या एसेन या कंपनीबरोबर यिंजिबार्नडी एनर्जी कॉर्पोरेशन काढली. उद्दिष्ट तीन गिगावॅट वारा, सूर्य आणि बॅटरीचं, पहिला टप्पा ७५० मेगावॅटचा. करारात दोन गोष्टी आहेत ज्या मला फार मोलाच्या वाटतात. एक, प्रत्येक प्रकल्पात यिंजिबार्नडींचा २५ ते ५० टक्के वाटा. दोन, त्यांच्या भूमीवरची प्रत्येक जागा त्यांच्या मंजुरीनंतरच नक्की होणार. तीच माणसं, तीच जमीन; एका ठिकाणी कोर्टात आयुष्य गेलं आणि दुसऱ्या ठिकाणी तीच प्रवर्तक आहेत. फरक फक्त विचारण्याच्या वेळेचा आणि वाट्याचा आहे.

कायद्यावर विसंबू नका, कारण कायदा इथे तोकडा आहे. एडी माबो यांचा भूमिहक्काचा खटला १९९२ साली निकाली निघाला आणि १९९३ साली नेटिव्ह टायटलचा, म्हणजे मूळनिवासींचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क मानणारा, कायदा आला, तरी या हक्कात नकाराधिकार नाही. खाणींच्या बाबतीत वाटाघाटीचा हक्क आहे, पण ठरावीक मुदतीत जमलं नाही तर लवाद निर्णय देऊ शकतो. पिलबारातल्याच जूकन गॉर्जमधल्या ४६,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा सांगणाऱ्या गुहा २०२० च्या मे महिन्यात सुरुंग लावून उडवल्या गेल्या, त्या राज्याच्या कायद्याखालची परवानगी हातात घेऊन. ‘सगळं नियमात बसतं’ हे वाक्य आपण प्रकल्पाच्या फाइलवर लिहितो तेव्हा ते आठवावं.

न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात तर परिस्थिती आणखी विचित्र आहे. तिथल्या बहुतेक पवनचक्क्या शेतकऱ्यांच्या मालकीच्या जमिनीवर आहेत, आणि खासगी मालकीच्या जमिनीवरचा नेटिव्ह टायटल संपलेला मानला जातो. त्यामुळे न्यू साउथ वेल्समधल्या सेंट्रल-वेस्ट ओरानाच्या पट्ट्यात विराजुरी या मूळनिवासी समाजातल्या माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी असली तरी पवनचक्कीचं भाडं शेतकऱ्याला मिळतं, काही वेळा शेजाऱ्यालाही मिळतं, आणि विराजुरींच्या वाट्याला येतो वारसा स्थळांचा सर्व्हे. सर्व्हेत दगडी हत्यारं सापडली तर ती पिशवीत भरून क्रमांक लावला जातो. मला शेतकऱ्याच्या भाड्याविषयी तक्रार नाही. दुष्काळात त्या पैशानं घरं तगतात. पण मोबदल्याची साखळी कंपनीपासून शेतकऱ्यापर्यंत येऊन थांबते, हे नकाशा आखणाऱ्याला दिसायला हवं.

आणि नोकऱ्या. सौर प्रकल्प उभा राहताना शेकडो माणसं लागतात. खांब रोवणं, पॅनल बसवणं, केबल ओढणं. ते वर्ष-दीड वर्षाचं काम. नंतर देखभालीला बोटांवर मोजण्याएवढी माणसं उरतात आणि ती बहुधा बाहेरून येतात. मूळनिवासी रोजगाराचा टक्का आपण ज्या अहवालात छापतो तो बांधकामाच्या ऐन भरातला असतो. प्रकल्पाचं आयुष्य मात्र पंचवीस-तीस वर्षांचं. तेवढा काळ जे उत्पन्न येत राहतं ते भागधारकांना येतं. म्हणून मी वाट्यावर एवढी अडून बसले आहे.

तुमच्यातले काही म्हणतील, त्यांच्याकडे गुंतवायला पैसे कुठे आहेत? प्रश्न रास्त आहे. नेटिव्ह टायटलची जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, म्हणून बँक दारात उभं करत नाही. आपल्याकडे आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध आहेत, त्यामुळे ही पेचाची जात आपल्याला नवी नाही : जमीन वाचवणारा कायदाच कर्जाच्या आड येतो. पण कॅनडानं यातून वाट काढली. ऑन्टॅरिओमध्ये वाटायनिकनेयाप या सुमारे १,८०० किलोमीटरच्या ट्रान्समिशन लाइनमध्ये २४ फर्स्ट नेशन्सचा, म्हणजे तिथल्या मूळनिवासी समाजांचा, मिळून ५१ टक्के वाटा आहे. त्याच प्रांतातल्या हेन्वी इनलेट या ३०० मेगावॅटच्या पवन प्रकल्पात तिथल्या फर्स्ट नेशनची निम्मी मालकी आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारी वीज कंपनीनं २०२४ च्या निविदेत फर्स्ट नेशन्सचा किमान २५ टक्के वाटा ही अटच घातली. निवडले गेलेले प्रकल्प त्याच्या कितीतरी वर, निम्म्याच्या आसपास गेले. त्याच वर्षी कॅनडाच्या केंद्र सरकारनं अशा भागीदारीसाठी पाच अब्ज डॉलरची कर्जहमी जाहीर केली. अट आली तेव्हा पैसाही उभा राहिला. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या डिसेंबरमध्ये फर्स्ट नेशन्ससाठीचं स्वच्छ ऊर्जा धोरण आलं. चांगली सुरुवात आहे. पण कॅनडासारखी सक्तीची अट आणि मोठी कर्जहमी अजून व्हायची आहे, आणि तोवर प्रत्येक कंपनीनं स्वतःहून काय करायचं हे कंपनीतल्या माणसांवरच आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार. ‘त्यांच्यातच एकमत नाही.’ उत्तर क्वीन्सलंडमध्ये वूरूरा स्टेशनच्या पवन प्रकल्पाबाबत जिरबाल लोकांत काही जण बाजूनं होते, काही कडाडून विरोधात. अखेर २०२४ साली कंपनीनं अर्ज मागे घेतला. हे उदाहरण मला प्रत्येक चर्चेत ऐकवलं जातं. पण कुठल्या समाजात एकमत असतं? मुळशीत पुण्याच्या सावकार-जमीनदारांना मोबदला हवा होता आणि कुळांना जमीन. मोबदला घेणाऱ्यांशी व्यवहार उरकला आणि कुळं तशीच राहिली. मतभेद आहेत म्हणून सोयीचा गट निवडायचा ही चूक शंभर वर्षं जुनी आहे. मतभेद असतील तर जास्त वेळ द्यायला हवा, आणि त्यांच्या वकिलाचे, त्यांनी निवडलेल्या तज्ज्ञांचे पैसे प्रकल्पानं सुरुवातीलाच बाजूला काढायला हवेत, म्हणजे दोन्ही बाजूंना कागद नीट वाचता येईल.

वेळेचं म्हणाल तर आपण अभियंते वेळेचे हिशेब करण्यात कुणाला हार जाणारे नाही. मोठा ट्रान्सफॉर्मर मिळायला कित्येक महिने, कधी काही वर्षं लागतात, म्हणून आपण त्याची ऑर्डर फार आधी देतो आणि वेळापत्रक त्याभोवती गुंफतो. कुणी म्हणत नाही की ट्रान्सफॉर्मर विकासविरोधी आहे. संमतीलाही असाच वेळ लागतो. ज्येष्ठ मंडळींना जागेवर जाऊन बघावं लागतं. स्त्रियांच्या जागांबद्दल स्त्रियाच बोलू शकतात. समाजात मृत्यू झाला तर बैठका थांबतात. हे सगळं आधीपासून माहीत असतं. मग ते वेळापत्रकात का नसतं? आणि उलट बाजू बघायची तर नॉर्वेत फोसेनच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, फिरू लागल्या आणि मग ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परवान्यांनी रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या हक्कांचा भंग झाला आहे. उभ्या पवनचक्क्यांवर असा निकाल येणं हा कुठल्याही वेळापत्रकातला सगळ्यात महागडा दिवस असेल.

एक विषय आपल्या व्यवसायात फारच कमी निघतो, आणि मला तो सगळ्यात जास्त सलतो. नॉर्दर्न टेरिटरीतल्या दुर्गम वस्त्यांमधल्या घरांत प्रीपेड मीटर आहेत. पैसे संपले की दिवे जातात, फ्रिज बंद, पंखा बंद. सुमारे ३,३०० घरांच्या मीटरच्या नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की २०१८-१९ या एका वर्षात त्यातल्या ९१ टक्के घरांची वीज कधी ना कधी गेली होती आणि ७४ टक्के घरांची दहापेक्षा जास्त वेळा. कडक उन्हाच्या दिवसांत प्रमाण वाढतं, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवणारं घर त्या रात्री काय करत असेल याचा विचार करा. जगातल्या उत्तम सूर्यप्रकाशाच्या प्रदेशांपैकी हा एक. इलियट गावाजवळच्या पठारावरून सिंगापूरला समुद्राखालून वीज नेण्याची योजना आखली गेली, आणि त्याच टापूतल्या मार्लिंजा वस्तीत लोक मीटरमधले डॉलर मोजत होते. मार्लिंजानं स्वतःच्या मालकीची छोटी सौर यंत्रणा आणि बॅटरी उभारली, २०२४ साली ती सुरू झाली. आकारानं ती आपल्या कुठल्याही प्रकल्पातला एक कोपरासुद्धा नाही. पण त्या वीजबिलातली बचत त्याच घरांत राहते. बोरोलूलातही स्थानिक सहकारी संस्था अशाच कामाच्या मागे आहे. सहकार म्हटल्यावर मराठी माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. त्याचे गुण आणि त्याचे रोग दोन्ही आपण घरी पाहिलेत.

मग आपण काय करायचं? आपण नोकरदार आहोत, काही जण अजून व्हिसावर आहेत. कंपनीचं धोरण बदलण्याचा अधिकार आपल्यापैकी बहुतेकांना नाही, हे मी जाणते. नोकरी धोक्यात घाला असं मी सांगत नाही. पण प्राथमिक पाहणीच्या बैठकीत, वारा मोजायचा खांब उभा करण्याआधी, ‘या भूमीच्या वतीनं बोलणारे कोण, आणि त्यांच्याशी कुणी बोललं का?’ हा प्रश्न विचारायला पद लागत नाही. वेळापत्रक तुम्ही करत असाल तर संमतीला स्वतंत्र ओळ द्या आणि पुढच्या कामांना तिच्यावर अवलंबून ठेवा, म्हणजे ती ओळ अडली की पुढचं अडतं हे सगळ्यांना दिसेल. खर्चाचा तक्ता तुमच्या हातात असेल तर २५ टक्के मूळनिवासी वाट्याचं एक गणित करून ठेवा; तयार आकडा समोर असला की ‘परवडत नाही’ म्हणणं तितकं सोपं राहत नाही. लाइनच्या मार्गावर वस्ती असेल तर तिला वीज देण्याचा खर्च काढा. देखभालीचं कंत्राट लिहिणाऱ्यांनी जवळच्या तरुणांच्या प्रशिक्षणाची तरतूद बांधकामाच्या वेळीच करा, कारण तंत्रज्ञ तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात. सर्व्हेत जागा वगळायला सांगितली तर पवनचक्की हलवा. पन्नास मीटरनं वाऱ्याचं फार काही बिघडत नाही, हे आपल्यालाच सगळ्यात चांगलं ठाऊक आहे.

आणि इथल्या महाराष्ट्र मंडळांना माझी विनंती आहे. गणेशोत्सवात, दिवाळीत आपण दर वर्षी पाहुणे बोलावतो. एखाद्या वर्षी, ज्या भूमीवर आपलं मंडळ भरतं तिथल्या ज्येष्ठांना फक्त स्वागताच्या दोन मिनिटांपुरतं न बोलावता संध्याकाळभर बोलावूया. ऊर्जेत काम करणारे आपण सगळे समोर बसूया आणि त्यांचे प्रश्न ऐकूया. ब्रिस्बेनमध्ये अशी बैठक भरवायची माझी तयारी आहे. ज्यांना यायचं किंवा आपल्या शहरात भरवायची आहे त्यांनी मंडळामार्फत निरोप द्यावा. ज्यांच्या कंपनीत मूळनिवासी भागीदारीचा करार झालेला आहे त्यांनी, गोपनीयता पाळून, तो कसा घडला एवढं तरी येऊन सांगावं. पुढच्या निविदांचे अर्ज भरण्याआधी हे बोलणं झालं तर त्याचा उपयोग होईल.

आपली,
ग्रिडच्या कामातली एक मराठी सहकारी
ब्रिस्बेन